चौदा ओळींच्या टेबलवर ट्यूनिंग शिकवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअरच्या पानावर आयटी कोर्सेसबद्दल जे येतं ते मी नेहमी वाचतो. मध्यंतरी त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटाबेस परफॉर्मन्स ट्यूनिंग' (म्हणजे हळू चालणारा डेटाबेस वेगात आणणं) असं नाव दिसलं आणि बरं वाटलं, कारण आजकाल एआय आणि डेटा सायन्स सोडून कुणी काही छापतच नाही. पण खाली दिलेला अभ्यासक्रम वाचला आणि राहवेना म्हणून लिहितोय. मी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) आहे, मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं पुण्यात, सुरुवात ओरॅकल या डेटाबेसवर आणि आता बहुतेक काम पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, फक्त मधलं तालुक्याचं उदाहरण तेवढं ठेवा.

त्या अभ्यासक्रमात काय होतं तर पॅरामीटरची, म्हणजे डेटाबेसच्या सेटिंगांची यादी. रॅमच्या २५ टक्के शेअर्ड बफर्सला द्या, वर्क मेम वाढवा, जिथे स्लो वाटेल तिथे इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळ पटकन शोधायची यादी) लावा, इंडेक्स रिबिल्ड करा, हिंट (अमुकच रस्ता घे असा डेटाबेसला हुकूम) टाका, शेवटच्या दिवशी मॉक इंटरव्ह्यू आणि सर्टिफिकेट. यातलं चुकीचं असं काही नाही, पण याला अ‍ॅडव्हान्स्ड म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. आणि प्रॅक्टिकल कशावर, तर ओरॅकलबरोबर कित्येक वर्षांपासून येणारं ते एम्प टेबल. ज्यांनी एसक्यूएल शिकलंय त्यांना ते पाठ असेल, १४ कर्मचारी, ४ डिपार्टमेंट. अहो ते अख्खं टेबल ८ केबीच्या एका ब्लॉकमध्ये (डेटाबेस एका वेळी वाचतो तेवढ्या तुकड्यात) बसतं! त्यावर इंडेक्स लावा नाहीतर नका लावू, डेटाबेस तो एक ब्लॉक वाचणार आणि मोकळा होणार. मुलं विचारतात सर इंडेक्स लावला तरी फुल स्कॅनच (अख्खं टेबल वाचणं) का दाखवतोय, आणि शिकवणारे सांगतात हिंट टाक म्हणजे घेईल. इथेच घात होतो, कारण त्या वेळी डेटाबेसचंच बरोबर असतं आणि मुलगा शिकतो की डेटाबेसला अक्कल नसते, त्याला दामटवावं लागतं.

थोडं मागे जाऊन सांगतो. १९७० साली आयबीएममधल्या कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यातला मोठा फायदा असा की तुम्ही फक्त काय पाहिजे ते सांगायचं, कसं आणायचं ते मशीनने ठरवायचं. आता हे 'कसं' ठरवणार कोण? तर ऑप्टिमायझर. १९७९ ला आयबीएमच्याच सिस्टिम आर प्रोजेक्टमधून पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या टीमचा पेपर आला, त्यात खर्चाचा अंदाज काढून सगळ्यात स्वस्त रस्ता निवडायची पद्धत होती आणि आजचे ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस सगळे थोड्याफार फरकाने त्याच वाटेने चालतात. अंदाज कशावरून काढतात? टेबलात किती ओळी, एखाद्या कॉलममध्ये वेगवेगळ्या किमती किती, कुठली किंमत किती वेळा येते, या स्टॅटिस्टिक्सवरून. म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवण्याआधीच डेटाबेस ठरवतो की इथून साधारण इतक्या ओळी येतील, आणि त्या आकड्यावर पुढचं सगळं उभं. आकडा चुकला की प्लॅन, म्हणजे डेटा आणायचा ठरवलेला रस्ता, चुकला.

आता तालुक्याचं उदाहरण. समजा एका टेबलात राज्यातल्या १ कोटी खातेदारांची नोंद आहे, जिल्हा एका कॉलममध्ये आणि तालुका दुसऱ्या. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, ३५८ तालुके. हिशोबाला सोपं जावं म्हणून धरून चालू की लोक सगळीकडे सारखे वाटलेत. तुम्ही विचारलं जिल्हा कोल्हापूर आणि तालुका करवीर, तर खऱ्या ओळी किती यायला पाहिजेत? १ कोटी भागिले ३५८, म्हणजे जवळपास २८ हजार, कारण करवीर कोल्हापुरातच आहे, जिल्हा सांगितल्याने काही कमी होत नाही. पण ऑप्टिमायझरला भूगोल कुठे येतो, तो दोन्ही अटी एकमेकांशी संबंध नसलेल्या धरतो आणि ३६ ने पण भागतो आणि ३५८ ने पण, उत्तर येतं ७७६. थेट ३६ पट कमी. मग तो म्हणतो पावणेआठशेच ओळी आहेत ना, एकेक ओळ घेऊन व्यवहारांच्या टेबलात इंडेक्सने शोधून आणतो, म्हणजे नेस्टेड लूप. ७७६ वेळा शोधणं ठीक होतं, प्रत्यक्षात २८ हजार वेळा शोधतो, त्यात पुढे अजून चार टेबलं जोडलेली असली तर चुकीवर चूक चढत जाते आणि दोन सेकंदांचा रिपोर्ट चाळीस मिनिटं फिरत बसतो.

याच्यावर रॅम वाढवून काय होणार? आणि जास्तीचा इंडेक्स लावूनही काही होणार नाही, उलट त्याला नेस्टेड लूपचाच मोह आणखी होईल. उपाय काय, तर डेटाबेसला सांगायचं की बाबा हे दोन कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स नावाची कमांड आहे, ओरॅकलमध्ये ११जी आवृत्तीपासून कॉलम ग्रुपची स्टॅटिस्टिक्स घेता येतात. एक ओळीची कमांड, नंतर अ‍ॅनालाइझ करून स्टॅटिस्टिक्स नव्याने घ्यायची, झालं. पण ती एक ओळ लिहायची वेळ आलीय हे कळायला एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ या, क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या कमांडचा निकाल वाचता आला पाहिजे आणि त्यात सगळ्यात आधी 'अंदाजे ओळी' आणि 'प्रत्यक्ष ओळी' हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायची सवय पाहिजे. प्लॅनच्या आतल्या टोकापासून वर येत जायचं आणि पहिल्यांदा जिथे दोघांत मोठा फरक दिसेल तिथे थांबायचं, आजार तिथे असतो, वरती दिसतो तो सगळा त्याचा ताप. मला विचाराल तर प्रगत प्रशिक्षण म्हणजे बहुतांश हेच, आणि हे एका दिवसात येत नाही.

हे माझं एकट्याचं मत नाही. २०१५ साली म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रपटांच्या आयएमडीबी या खऱ्याखुऱ्या डेटावर ११३ क्वेरी तयार करून पोस्टग्रेस आणि बाकीच्या मोठ्या डेटाबेसना त्यावर पळवलं होतं. निष्कर्ष असा की ओळींचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो, जितके जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं) जास्त तितका जास्त चुकतो, आणि वाईट प्लॅनचं मुख्य कारण तेच असतं, खर्च मोजायचं सूत्र वगैरे त्यामानाने किरकोळ. मुद्दाम खरा डेटा घेतला कारण टीपीसी-एच सारख्या बेंचमार्कचा (वेग मोजायच्या ठरावीक चाचणीचा) बनवलेला डेटा फार गुळगुळीत असतो, सगळं सारखं वाटलेलं, त्यात ऑप्टिमायझरची फजिती होतच नाही. आपल्या क्लासेसमध्ये तर टीपीसी-एच पण नाही, १४ ओळी!

खरा डेटा कसा वाकडा असतो ते सहकारी बँकेत बघा. मुख्य शाखेत निम्मी खाती, बाकीची निम्मी पंचवीस तीस शाखांत, त्यात एखादी डोंगरातली शाखा असते तिथे हजारभर खाती. आता रिपोर्टची क्वेरी एकच, शाखेचा कोड तेवढा बदलतो. सकाळी पहिल्यांदा छोट्या शाखेने रिपोर्ट काढला तर डेटाबेस तिच्या मापाचा प्लॅन बनवून ठेवतो आणि नंतर मुख्य शाखेला पण तोच घालायला देतो. दुसऱ्या दिवशी मुख्य शाखेने आधी काढला तर सगळं सुरळीत. मॅनेजर साहेब म्हणतात सोमवारी स्लो असतं मंगळवारी नसतं, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, आणि नेटवर्कवाला बिचारा केबल बदलून जातो. एसक्यूएल सर्व्हरवाले याला पॅरामीटर स्निफिंग म्हणतात, ओरॅकलमध्ये बाइंड पीकिंग, जे ९आय पासून आहे आणि त्याचा त्रास कमी करायला ११जी मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह कर्सर शेअरिंग आणलं. पोस्टग्रेसची तऱ्हा अजून वेगळी, प्रिपेअर्ड क्वेरीला (एकदा तयार करून, किमती बदलून पुन्हा पुन्हा चालवतात ती) पहिले पाच वेळा दिलेल्या किमतीप्रमाणे नवीन प्लॅन बनवतो, नंतर सरसकट, म्हणजे कुठल्याही किमतीला चालेल अशा प्लॅनचा खर्च त्या पाचांच्या सरासरीशी ताडून बघतो आणि तो फार महाग नसेल तर पुढे तोच वापरतो. त्यामुळे 'पाच वेळा पटकन आलं, सहाव्यांदा अडकलं' ही काउंटरवरच्या बाईची तक्रार ऐकून हसू नका, ती खरं बोलत असते. १२ व्या आवृत्तीपासून सरसकट प्लॅन घ्यायचा की दरवेळी नवा ते ठरवणारी प्लॅन कॅश मोड नावाची सेटिंग आहे, ती त्या एका कामापुरती बदलता येते. हे मुलांना करून दाखवायला पंधरा मिनिटं लागतात, पण डेटा तसा वाकडा लागतो.

३१ मार्चचं तर विचारूच नका. वर्षाअखेरीला व्याजाची जॉब रात्रभर चालते आणि सकाळी काउंटर उघडेपर्यंत संपत नाही, हे ज्यांनी बँकेत दिवस काढलेत त्यांना माहितीय. अशा जॉबमध्ये हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे तारखेच्या कॉलमलाच फंक्शनमध्ये गुंडाळलेलं, म्हणजे तारखेचं वर्ष आणि महिना अक्षरात काढा आणि ते मार्चशी जुळवा. अशाने तारखेवरचा साधा इंडेक्स कुचकामी होतो, आणि वरून ओळींचा अंदाज पण ठोकताळ्याने निघतो. तेच 'तारीख १ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी' असं लिहिलं की इंडेक्स पण चालतो, महिन्यावार पार्टिशन (टेबलाचे तुकडे) केलेली असतील तर नेमकं एकच पार्टिशन उघडतं आणि अंदाज पण बरोबर येतो. एवढा साधा बदल, पण व्हेंडरने लिहिलेल्या कोडला हात कोण लावणार, त्यापेक्षा नवीन सर्व्हरचं कोटेशन मागवणं सोपं.

आणि कोटेशन काय असतं बघा. ओरॅकल एंटरप्राइझ एडिशनची यादीतली किंमत एका प्रोसेसरला ४७,५०० डॉलर, इंटेलच्या दोन कोअरना मिळून एक लायसन्स. म्हणजे आठ कोअर वाढवायचे ठरवले तर चार लायसन्स, १ लाख ९० हजार डॉलर, वर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट म्हणजे ४१,८०० डॉलर. डिस्काउंट मिळतं हे खरं, घासाघीस होते, पण तरी एका चुकलेल्या अंदाजासाठी एवढे पैसे? या पैशात किती माणसं तयार होतील! सरकारी कामात तर हे जास्त खटकतं. तुमच्याच पेपरात दाखल्यासाठी रांगेत ताटकळलेल्या लोकांचे फोटो येतात, खाली 'सर्व्हर डाऊन'. पूर्ण बंद पडलेला सर्व्हर मी फार कमी वेळा बघितलाय, जास्त वेळा तो चालू असतो आणि एकाच क्वेरीने सगळी कनेक्शन अडवून धरलेली असतात.

अडवून धरणं हा पण वेगळाच विषय आहे, तिथे प्लॅन बघून उपयोगच नाही. कुणीतरी ट्रान्झॅक्शन सुरू करून कमिट (बदल पक्का) न करता जेवायला गेलंय आणि त्याच्या लॉकमागे अख्खी शाखा उभी. सीपीयू बघितला तर निवांत, डिस्क निवांत, आणि तरी सगळं ठप्प. म्हणून आधी वेळ जातो कुठे ते विचारायचं, सीपीयूत, डिस्क वाचण्यात, लॉकसाठी थांबण्यात की नेटवर्कवर. ओरॅकलमध्ये याला वेट इव्हेंट म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी या चालू कामांच्या यादीत पण आता दिसतं, आणि असं उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन आपोआप तोडायची सेटिंग ९.६ आवृत्तीपासून आहे, पण मुळात बंद असते, आपण चालू करावी लागते. याउलट क्लासमध्ये काय शिकवतात, कॅश हिट रेशो (डिस्कवर न जाता मेमरीतच सापडलेल्या ब्लॉकचं प्रमाण) ९९ टक्के पाहिजे. अरे एखादी फालतू क्वेरी मेमरीतले तेच ब्लॉक कोटी वेळा वाचत बसली तरी हिट रेशो ९९.९९ होतो आणि सीपीयू जळत असतो! मी इंटरव्ह्यू घेताना मुद्दाम विचारतो की हिट रेशो चांगला आहे आणि सिस्टिम स्लो आहे, आता काय बघशील, तर दहातली नऊ मुलं गप्प बसतात. मुलांचा दोष नाही त्यात.

इंडेक्सबद्दल थोडं, कारण तिथे फारच अंधश्रद्धा आहे. प्रत्येक इंडेक्स म्हणजे प्रत्येक इन्सर्टला (नवी ओळ घालताना) जास्तीचं काम. एका ठिकाणी व्यवहारांच्या टेबलवर इतके इंडेक्स होते की टेबलापेक्षा इंडेक्सच मोठे, जो येईल त्याने एकेक लावून ठेवलेला, काढायची हिंमत कुणाची नाही. पोस्टग्रेसमध्ये याचा अजून एक छुपा तोटा आहे. २००८ च्या ८.३ आवृत्तीत हॉट नावाची सुधारणा आली, तिच्यामुळे अपडेट करताना इंडेक्समधला कुठलाच कॉलम बदलत नसेल आणि त्याच पानात (ब्लॉकमध्ये) जागा असेल तर इंडेक्सना हात लावावा लागत नाही. आता तुम्ही 'शेवटचा बदल कधी' या कॉलमवर हौसेने इंडेक्स लावला की प्रत्येक अपडेटला तो कॉलम बदलणार, हॉट गेलं, सगळ्या इंडेक्समध्ये नवीन नोंद, टेबल फुगत जाणार. फुगण्यावरून आठवलं, ऑटोव्हॅक्यूम (जुन्या, निकामी म्हणजे मेलेल्या ओळी आपोआप साफ करणारा) मुळात टेबलातल्या २० टक्के ओळी मेल्यावर जागा होतो. लाख ओळींच्या टेबलाला ठीक आहे, १० कोटींच्या टेबलाला २ कोटी मेलेल्या ओळी साठेपर्यंत तो झोपलेला. मोठ्या टेबलांना ही टक्केवारी वेगळी खाली आणता येते, पण हे सांगणार कोण.

अजून एक गोष्ट क्लासवाल्यांनी सांगायलाच पाहिजे ती सांगत नाहीत. ओरॅकलचा एडब्ल्यूआर रिपोर्ट (डेटाबेसचा वेळ कुठे गेला ते सांगणारा) सगळे शिकवतात, छानच आहे तो, पण त्याला डायग्नॉस्टिक्स पॅकचं वेगळं लायसन्स लागतं आणि स्टँडर्ड एडिशनवर तर ते विकतच मिळत नाही. मुलगा नोकरीला लागतो, उत्साहाने क्लायंटच्या सिस्टिमवर रिपोर्ट काढतो, आणि पुढे लायसन्स ऑडिट झालं की त्याची नोंद सापडते. तिथे स्टॅट्सपॅक वापरायचा, जुना आहे पण फुकट आहे आणि बऱ्यापैकी काम भागवतो.

आपल्याकडे शिकवणारी माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. जगभरच्या कॉलेजांत डेटाबेससाठी जे जाडजूड पाठ्यपुस्तक लावतात त्याच्या तीन लेखकांपैकी प्रा. सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे, आणि त्यांचं संशोधन पण क्वेरी ऑप्टिमायझेशनवरच. बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये प्रा. जयंत हरित्सा यांच्या लॅबने पिकासो नावाचं टूल बनवलंय, अटीत किती ओळी बसतात ते थोडं थोडं बदललं की ऑप्टिमायझर कुठे कुठला प्लॅन निवडतो त्याचा रंगीत नकाशा काढून देतं, आणि तो नकाशा बघितला की कळतं ऑप्टिमायझर किती चंचल असतो ते. पुण्यात पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कंपन्या आहेत, त्याच्या मूळ कोडमध्ये भर घालणारे लोक आहेत. आणि तरी इंजिनिअरिंगच्या मुलाला आपण बीसीएनएफ (टेबलं कशी पाडायची त्याचा नियम) पाठ करायला लावतो आणि एक्सप्लेन एकदाही न चालवता तो पदवी घेऊन बाहेर पडतो.

मोठा डेटा आणायचा कुठून असं क्लासवाले आणि प्राध्यापक दोघं विचारतील. बँकेचा खरा डेटा देता येणार नाही हे मान्य, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे आणि तो नसता तरी देऊ नयेच. पण पोस्टग्रेसमध्ये जनरेट_सिरीज वापरून साध्या लॅपटॉपवर ५ कोटी ओळी बनवता येतात, नावं खोटी घाला, खाते नंबर खोटे घाला, फक्त वाटणी खऱ्यासारखी वाकडी ठेवा. मुख्य शाखेला निम्मी खाती, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नेहमीच्या दहापट व्यवहार, 'बंद' खाती दोन टक्के, तालुका जिल्ह्याशी जुळणारा. सहकारी बँकांच्या फेडरेशनला किंवा एखाद्या विद्यापीठाला हे काम फार खर्चाचं नाही, एकदा बनवलं की सगळ्या कॉलेजांना फुकट देता येईल. आठवडाभराचा कोर्स ठेवा, पहिल्या दिवशी सकाळीच मुलांना मुद्दाम बिघडवलेली सिस्टिम हातात द्या, स्लाइड नको काही नको, आणि पॅरामीटरची फाइल चौथ्या दिवसापर्यंत कुलपात ठेवा. क्वेरी, स्टॅटिस्टिक्स, लॉक, इंडेक्स एवढ्यातूनच जेवढं सुटतंय तेवढं सोडवू द्या. पॅरामीटरपैकी एकच मी आधी उघडेन, रँडम पेज कॉस्ट (डिस्कवर इकडेतिकडे उडी मारून एक पान वाचायचा धरलेला खर्च), कारण त्याची मुळातली ४ ही किंमत फिरत्या डिस्कच्या काळातली आहे आणि आता सगळीकडे एसएसडी आहेत.

असा डेटा बनवायची स्क्रिप्ट माझ्याकडे अर्धीमुर्धी तयार आहे, जिल्हा-तालुक्याची जोडी नीट बसवलेली आहे, व्याजाचं टेबल अजून बाकी आहे. कुठल्या कॉलेजला किंवा पतसंस्थेच्या आयटी विभागाला पाहिजे असेल तर पेपरच्या पत्त्यावर कळवा, रविवारी येऊन बसवून देईन, मानधन नको, मशीनला १६ जीबी रॅम आणि २०० जीबी मोकळी जागा असली म्हणजे झालं.

कळावे,
एक डीबीए, पुणे